तीन लाख किलोमीटरनंतर : जुनी डिझेल गाडी राखावी की विकावी?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही नगर जिल्ह्यात, कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून थोडे पुढे गेले की गॅरेजांची रांग लागते. बॉनेट उघडून ठेवलेल्या एखाद्या जीपपाशी दोन माणसे उभी दिसतात : एक मालक, एक मिस्त्री. मालकाचा प्रश्न ठरलेला असतो : "मामा, अजून पैसे घालू का हिच्यात, का देऊन टाकू?" मिस्त्रीचे उत्तरही बहुधा ठरलेले : "इंजिनचं काम करून घ्या दादा, पाच वर्षं बघायला नको." आणि शेजारी चहा पीत बसलेला तिसरा कुणीतरी न विचारता सांगतो, "तीन लाख रनिंग झालंय, आता काय राहिलंय तिच्यात!"

मिस्त्रीला काम मिळणार असते आणि तिसऱ्याचे काहीच जाणार नसते. पैसे फक्त मालकाचे जाणार असतात. या जिल्ह्यात तो पैसा लहान नसतो. राहाता-संगमनेरकडे दुधाचे कॅन, पारनेर-नेवाशाकडे कांद्याच्या गोण्या, शिर्डी आणि शनिशिंगणापूरच्या वाटेवर भाविक, शेवगाव-पाथर्डीकडून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे, आणि रात्री-अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट. हे सगळे ज्या गाड्यांतून चालते, त्यांतल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या असतात. अनेक घरांत जमीन आणि घर सोडले तर सर्वांत मोठी मालमत्ता हीच. तिच्याबाबतचा निर्णय चुकला तर घराची दोन-तीन वर्षांची शिल्लक जाते.

तरीही हा निर्णय बहुधा दोन वाक्यांवर होतो. पहिले : "एवढे पैसे घातलेत, आता कशी सोडायची?" दुसरे : "एवढे किलोमीटर झालेत, आता कशी ठेवायची?" दोन्ही वाक्ये मागे पाहणारी आहेत. गाडीत घातलेला पैसा परत येत नाही आणि झालेले किलोमीटर पुढच्या वर्षीचा खर्च सांगत नाहीत. पुढच्या दोन-तीन वर्षांत ही गाडी ठेवली तर काय जाईल आणि तिच्या जागी दुसरी आणली तर काय जाईल, एवढाच प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर शोधायला काय काय पाहावे लागते, ते या लेखात मांडायचे आहे.

गाडी एका वयाची नसते

महाराष्ट्रातल्या राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला धावली, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. त्या बसइतकाच मागच्या कार्यशाळांचा इतिहासही महत्त्वाचा आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या चासीवर नवी बॉडी चढवण्याचे काम वर्षानुवर्षे होत आले. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवण्याचे महामंडळाचे स्वतंत्र प्रकल्प आहेत. उतरवलेले इंजिन दुरुस्त होऊन दुसऱ्याच बसमध्ये बसते. म्हणजे एसटीच्या लेखी बस ही एक वस्तू नाही. चासी, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स, टायर अशा वेगवेगळ्या आयुष्याच्या भागांचा तो मेळ आहे. खासगी मालक मात्र साऱ्या गाडीला मीटरवरचे एकच वय लावतो.

हे वय किती फसवे असते याचे एक उदाहरण आपल्या रस्त्यांशी दूरचे नाते सांगणारे आहे. नगरच्या फिरोदिया घराण्यातले नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. तिने पुढे १९८०च्या दशकात मर्सिडीजचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन परवान्यावर घेतले. ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे माणसे वाहणारी ट्रॅक्स याच इंजिनाच्या वंशातल्या इंजिनावर चालली. तेच इंजिन युरोपात मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत होते. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका टॅक्सीचालकाने १९७६ सालची अशी मोटार जुनी विकत घेतली. घेतली तेव्हाच ती २ लाख २० हजार किलोमीटर धावलेली होती. २००४ साली त्याने ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली, तेव्हा तिचे एकूण अंतर ४६ लाख किलोमीटर भरले होते. अर्थात ते एकाच इंजिनाने कापले नव्हते. इंजिने आळीपाळीने उतरत होती, दुरुस्त होत होती आणि पुन्हा चढत होती.

सगळ्या गाड्या इतक्या चालतील असा याचा अर्थ नाही. पण "तीन लाख झाले म्हणजे संपली" हे वाक्य यंत्रशास्त्राचे नाही, सवयीचे आहे, एवढे यावरून कळते. कोणता भाग किती उरला आहे, हे भागाभागाने पाहावे लागते.

धूर काय सांगतो

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा, ही रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची मूळ युक्ती. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्ग इथे त्याचे यशस्वी इंजिन चालले, तेव्हापासून ती कायम आहे. म्हणून या इंजिनाचे आरोग्य मुख्यतः दाबावर असते. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले की दाब गळतो, हवा पुरेशी तापत नाही, सकाळी सेल्फ मारत बसावे लागते.

मालकाला स्वतः करता येण्यासारख्या काही तपासण्या आहेत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या सेल्फला कशी सुरू होते, ते पाहावे. गरम इंजिन सुरू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहावे. तिथून जोराने भपकारे येत असतील तर ज्वलनाचा दाब रिंगांवरून खाली उतरतो आहे. धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. त्यात अनेकदा दोष एअर फिल्टरचा, नोझलचा किंवा पंपाच्या सेटिंगचा असतो आणि खर्च त्या मानाने थोडा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, व्हॉल्व्हची सिले किंवा टर्बो यांपैकी काहीतरी गेले आहे. पांढरा धूर थंड इंजिनावर थोडा वेळ आला तर न जळलेले डिझेल असू शकते. इंजिन गरम झाल्यावरही तो टिकला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडच तपासावे. शेवटी गॅरेजमध्ये प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. चारही सिलिंडर थोडे उतरलेले पण एकसारखे असतील तर झीज वयाची आहे. एकच पडला असेल तर दोष तेवढाच आहे. ज्याला "फुल इंजिन काम" सांगितले गेले, त्याने आधी हे आकडे मागावेत.

नगर जिल्हा पर्जन्यछायेत येतो, आणि याचा परिणाम गाड्यांवरही होतो. कोकणात खाऱ्या दमट हवेने चासी आणि पत्रा आतून खाल्ला जातो. आपल्याकडे तो त्या मानाने टिकतो. उलट आपली धूळ इंजिनाला मारते. बारीक धूळ फिल्टर चुकवून आत गेली की ती ऑइलमध्ये मिसळून लायनर घासते. म्हणून इथल्या जुन्या गाडीत पुष्कळदा सांगाडा धड आणि इंजिन थकलेले असे चित्र दिसते, आणि ते दुरुस्तीच्या बाजूचे आहे. कारण इंजिनाचे काम एकदा होऊन संपते. चासीची तडा, कुजलेले क्रॉसमेंबर, जागोजागी जोडलेली वायरिंग यांचे काम संपत नाही. एक दुरुस्ती दुसरीला जन्म देते. ज्या दुरुस्तीला शेवट आहे तिच्यावर पैसा घालावा, जिला शेवट नाही तिथे थांबावे, हा पहिला निकष.

दुसरा फरक पिढीचा. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीचे नोझल आणि पंप तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होतात. कॉमन रेल गाडीत डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो, इंजेक्टरमधले अंतर अतिसूक्ष्म असते आणि दोष शोधायला स्कॅनर लागतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टरही आला. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. ज्याचा रोजचा फेरा गावातून डेअरीपर्यंत चार किलोमीटरचा आहे, त्याने जुनी साधी गाडी देऊन तुलनेने नवी डिझेल गाडी घेताना हे ध्यानात ठेवावे. नव्या गाडीचे बिघाड कमी असतात, पण झाले तर ते गावच्या मिस्त्रीच्या हातचे नसतात.

वहीतला हिशेब

आता पैसा. खालचे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले भरावेत.

समजा गाडी १४ वर्षांची आहे, रनिंग ३ लाख २० हजार. आज आहे तशी विकली तर २ लाख रुपये येतील. इंजिनचे काम ८० हजारांचे आहे. गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर चालते, अॅव्हरेज १२, डिझेल ९० रुपये लिटर. पर्याय आहे पाच वर्षांची दुसरी गाडी, किंमत साडेसहा लाख, अॅव्हरेज १५. दोन्हींचा तीन वर्षांचा हिशेब करू. गुंतलेल्या रकमेवर वर्षाला १० टक्के सरळ व्याज धरू, मग ती रक्कम कर्जाची असो वा स्वतःची.

जुनी ठेवली तर : आज न विकल्यामुळे न मिळालेले २ लाख, इंजिनचे ८० हजार, किरकोळ दुरुस्ती वर्षाला ४५ हजारप्रमाणे १ लाख ३५ हजार, डिझेल ३ लाख ३७ हजार ५००, पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण व कर मिळून १० हजार, आणि २ लाख ८० हजारांवरचे व्याज ८४ हजार. तीन वर्षांनी गाडीचे १ लाख १० हजार येतील, ते वजा केले. खर्च ७ लाख ३६ हजार ५००.

दुसरी आणली तर : किंमत साडेसहा लाख, दुरुस्ती वर्षाला २५ हजारप्रमाणे ७५ हजार, डिझेल २ लाख ७० हजार, नाव बदलणे वगैरे १५ हजार, जास्तीचा विमा ३० हजार, व्याज १ लाख ९५ हजार. तीन वर्षांनी विकून ४ लाख ४० हजार येतील. खर्च ७ लाख ९५ हजार.

म्हणजे या उदाहरणात जुनी गाडी ५८ हजार ५०० रुपयांनी, वर्षाला साडेएकोणीस हजारांनी स्वस्त पडते. लक्षात घ्या, आजवर तिच्यात किती घातले तो आकडा हिशेबात कुठेच नाही. आणि आज न विकल्याचे २ लाख मात्र आहेत. "जुनी तर घरचीच, तिला कुठे पैसे पडले?" असे म्हणणारे हेच दोन लाख विसरतात.

आता फक्त रनिंग बदलून पाहा. गाडी वर्षाला ६ हजार किलोमीटरच चालत असेल तर डिझेलचा फरक आक्रसतो आणि जुनीचा फायदा ९९ हजारांवर जातो. वर्षाला ३० हजार चालत असेल तर डिझेलच सगळा फायदा खाऊन टाकते आणि दुसरी गाडी ९ हजारांनी स्वस्त ठरते. झीजेचा खर्च वेगळाच. थोडक्यात, मागे किती चालली यापेक्षा पुढे किती चालणार हा आकडा निर्णायक आहे. थोडे चालणाऱ्याने जुनी राखावी, खूप चालवणाऱ्याने बदलावी, ही सर्वसाधारण दिशा.

पण या हिशेबात एक कलम अजून आलेले नाही, आणि तेच बहुतेकांच्या वहीत नसते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचे शहर आहे. तिथल्या शहर बस सेवेचे देखभाल प्रमुख हॅरोल्ड झर्चर हे बसचे इंजिन केव्हा उतरवायचे ते ठरवत. जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञाने त्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन एक प्रबंध लिहिला. तो १९८७ साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आला आणि त्या विषयात पायाभूत मानला गेला. झर्चर कुठलेही समीकरण मांडत नव्हते. अनुभवाने ठरवत होते. बहुतेक इंजिने दोन ते अडीच लाख मैलांच्या सुमारास, म्हणजे सव्वातीन ते चार लाख किलोमीटरला बदलली जात. रस्ट यांनी दाखवले की त्यांचे निर्णय एका काटेकोर गणिताशी जुळतात, आणि त्या गणितात दोन खर्च आहेत. एक, रनिंग वाढेल तसा वाढत जाणारा रोजचा खर्च. दुसरा, इंजिन अचानक रस्त्यात बंद पडले तर होणारे नुकसान, ज्यात प्रवाशांचा गेलेला विश्वासही आला. या दुसऱ्या खर्चाचे बिल कुठलेच गॅरेज देत नाही.

आपल्या उदाहरणात परत येऊ. गाडीवर दुधाचा फेरा आहे आणि एक दिवस गाडी बंद राहिली तर बदली गाडीचे भाडे, उशिरा पोहोचून परत आलेले दूध, असे मिळून ३ हजार रुपये जातात असे धरा. जुनी गाडी दुसरीपेक्षा वर्षातून सात दिवस जास्त बंद राहिली की साडेएकोणीस हजारांचा फायदा संपला. म्हणजे सगळा निर्णय शेवटी सहा-सात दिवसांवर येऊन टेकतो. ज्याची गाडी शेतावर आणि आठवडी बाजाराला जाते, त्याला सात दिवस काही वाटणार नाहीत. ज्याच्या गाडीवर रोज सकाळी पाचला दुधाचे कॅन चढतात, त्याला ते परवडणार नाहीत. आणि जी गाडी वस्तीवरची एकुलती एक आहे, जिच्यातून बाळंतीण दवाखान्यात जाते, तिच्या बंद दिवसाची किंमत रुपयांत मांडताच येत नाही. त्या गाडीबाबत हिशेबाच्या आधी भरवशाचा विचार करावा.

म्हणून वही ठेवावी. तारीख, मीटर, काम, खर्च, आणि गाडी किती दिवस उभी राहिली, एवढी पाच घरे पुरेत. मीटर बंद असेल तर डिझेलच्या लिटरांवरून अंदाज येतो. दोन वर्षांची अशी वही असेल तर कल स्पष्ट दिसतो. खर्च स्थिर आहे की दर सहा महिन्यांनी चढतो आहे, हे स्मरणावर सोडण्यासारखे नाही. कारण मोठे बिल स्मरणात राहते, पण बारा लहान बिले विसरली जातात.

बाजार निम्म्यानेच का मागतो

इंजिनचे ताजे काम झालेली गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक त्या कामाचे पैसे देत नाही, असा अनुभव सर्वत्र आहे. याचे कारण जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने मांडले आणि पुढे २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळाले त्यात या लेखाचा वाटा मोठा होता. गाडीत काय आहे ते विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सरासरी वाईट असावी असे धरून किंमत सांगतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारात कमी येतात, आणि घेणाऱ्याचा संशय खराच ठरत जातो.

यातून मालकाने तीन गोष्टी घ्याव्यात. एक, विकायचेच ठरले असेल तर मोठे काम करून विकू नये. ८० हजारांच्या कामाने किंमत ३० हजारांनी वाढली तरी पुष्कळ. दोन, आपली नीट राखलेली गाडी बाजारापेक्षा आपल्याला जास्त मोलाची असते, कारण तिची खोड आपल्याला माहीत असते. तिच्या जागी आणलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत अडाणी गिऱ्हाईक आपणच असतो. तीन, हा संशय थोडासा तरी दूर करते ती वही आणि जपून ठेवलेली बिले. ओळखीत, नात्यात किंवा त्याच मिस्त्रीच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाडी बरी किंमत देऊन जाते ती याचमुळे.

किंमत विचारताना ती आजची विचारावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप उतरतो. गेल्या वर्षी कुणी तरी सांगितलेला आकडा मनात धरून बसण्यात अर्थ नाही.

पंधरा वर्षे आणि कागद

"पंधरा वर्षं झाली, आता सरकार गाडी घेऊन जाणार" असे गावात बोलले जाते. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि पुढे तिच्यावर न्यायालयात पुन्हा विचार सुरू झाला. ही बंदी त्या परिसरापुरती आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत पास झाल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. भाड्याच्या किंवा मालवाहू गाडीला मुळातच फिटनेस लागतो, ज्याला आपण पासिंग म्हणतो. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी.

वाढवून मिळते, पण आता महाग मिळते. चारचाकी हलक्या वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाली. वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ती ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार झाली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आणि तपासणीत निघणारी कामे वेगळी. हा खर्च आधीच हिशेबात घ्यावा. चौदाव्या वर्षी इंजिनचे काम काढताना पंधराव्या वर्षी गाडी तपासणीत पास होईल का, हे त्याच मिस्त्रीला आधी विचारावे.

विकताना मात्र पैशापेक्षा कागद जपावा लागतो. सही केलेले फॉर्म देऊन, चावी सोपवून, नाव नंतर बदलून घेऊ म्हणत गाडी देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की गाडी हातोहात कितीही पुढे गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक मानला जाईल. विमा संपलेल्या जुन्या जीपने अपघात केला तर तिची भरपाई दोन लाखांत गाडी विकलेल्या माणसाच्या जमिनीपर्यंत येऊ शकते. फॉर्म २९ आणि ३० आपण स्वतः आरटीओत दाखल करावेत आणि नवे नाव चढल्याची खात्री करून घ्यावी. एजंटावर सोडून देऊ नये.

तिसरा रस्ता मोडीत काढण्याचा. साध्या भंगारवाल्याला गाडी दिली तर नोंदणी तशीच राहते. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर नोंदणी रद्द होते आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळते. ते दाखवल्यावर नव्या गाडीच्या करात खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. धोरणात स्क्रॅपची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के धरली आहे. ज्या गाडीची चासी गेली आहे आणि जिला बाजारात एक लाखही येत नाही, तिच्यासाठी हा रस्ता हिशेबातही बसतो.

विकली म्हणजे संपली नाही

एक गोष्ट या सगळ्या हिशेबांच्या बाहेर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. आपण धूर टाकणारी गाडी विकली की आपला धूर थांबतो, गाडीचा नाही. ती पुढच्या तालुक्यात, आणखी थोडे पैसे असलेल्या आणि दुरुस्तीला आणखी कमी पैसे असलेल्या माणसाकडे जाते. त्याच्या शाळेसमोर, त्याच्या स्टँडवर ती सुरू राहते. म्हणून गाडी राखणाऱ्याने नोझल, फिल्टर आणि पंप ठीक ठेवणे हे अॅव्हरेजसाठी जितके, तितकेच मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी आहे. आणि जी गाडी दुरुस्त होऊनही निळा-काळा धूर सोडतेच आहे, तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा स्क्रॅप केंद्र शोधणे बरे, जरी दहा-वीस हजार कमी आले तरी.

उलट बाजूही तितकीच खरी. नवी गाडी बनवायला पोलाद, वीज, रबर लागतेच. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी, दाब ठीक असलेली, धूर न टाकणारी जुनी जीप केवळ वयाने मोडीत काढण्यात कुणाचेच भले नाही.

तेव्हा गॅरेजमध्ये पुन्हा तो प्रश्न आला तर त्याचे तुकडे करावेत. चासी आणि पत्रा धड आहे का? सांगितलेल्या दुरुस्तीला शेवट आहे का, आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून मगच ती सांगितली आहे का? पुढची तीन वर्षे गाडी वर्षाला किती चालणार? ती एक दिवस उभी राहिली तर काय जाते, आणि गेल्या वर्षी किती दिवस उभी राहिली? पंधराव्या वर्षाची तपासणी ती पास होईल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिस्त्री देऊ शकतो. पाचव्यासाठी मिस्त्री आणि आरटीओ दोघांकडे जावे लागते. तिसरा आणि चौथा मात्र फक्त मालकालाच सोडवता येतो, तोही वही असेल तर. आणि आपण पाहिले तसे, निर्णय बहुतेक वेळा त्या दोन प्रश्नांवरच फिरतो.